तेवीस नंबरचा थांबा

तोताराम बाविस्कर यांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. त्यातली बहुतेक जळगाव–एरंडोल–धुळे या एकाच मार्गावर. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांचा दिवस वेळापत्रकावर चालतो. फरक इतकाच, की आता गाडी म्हणजे जुनी मोपेड आणि प्रवासी म्हणजे अडतीस स्टीलचे डबे.

जळगावच्या मेहरूण भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने दोन वर्षांपूर्वी हे काम सुरू केलं. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही आणि ज्यांच्या घरी रांधणारं कोणी नाही, अशा म्हाताऱ्या माणसांना रोज दुपारी गरम जेवण. स्वयंपाक पुष्पाबाईंचा. बारा वर्षं त्यांनी शाळेत खिचडी शिजवली आहे. डबे पोचवायला आधी दोघे येऊन गेले. एकाने पंधरा दिवसांत सोडलं, दुसरा वाट चुकायचा. मग तोताराम आले. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीत रेघा मारल्या, प्रत्येक घराला थांब्याचा नंबर दिला आणि मोपेडच्या हँडलला सायकलची घंटी बसवली. एक टोला म्हणजे डबा आला. दोन टोले म्हणजे गाडी सुटली.

"मास्तर, दोन मिनिटं थांबा ना, शेवटची भाकरी तव्यावर आहे," पुष्पाबाई म्हणायच्या.

"बाई, गाडी अकराला सुटते. भाकरीनं अकराच्या आत उतरायचं."

पद्धत सोपी होती. दारात भरलेला डबा द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा, वहीत खूण करायची. रिकामा डबा म्हणजे जेवण झालं. या खुणेवर तोतारामांचा इतका विश्वास होता, की त्यांनी कोणाच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत गेलं की चहा, चहा झाला की गप्पा, आणि पुढच्या थांब्यावरचं वरण गार.

तेवीस नंबरच्या थांब्यावर झुंबरबाई राहतात. वय एकोणऐंशी. दिवाळीत मोरीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत येतात, तेवढंच. मुलगा ज्ञानेश्वर सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. फेब्रुवारीत तो आला, त्याने आईचा डबा लावला आणि जाताना गॅसची शेगडी व सिलिंडर उचलून शेजारच्या पुनमच्या घरी ठेवले. एकटी म्हातारी, गॅस चालू राहिला तर काय घ्या, म्हणून.

मार्चअखेर दिपमाला ही आरोग्यसेविका वजनकाटा घेऊन फिरली. झुंबरबाईंचं वजन पंचेचाळीसवरून एक्केचाळीसवर आलं होतं. तिने ज्ञानेश्वरला फोन लावला. तो स्पष्ट बोलला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गाडी घेऊन येतो. तोवर वजन त्रेचाळीस झालं तर ठीक, नाही तर आईला सुरतेला नेतो. सुरतेला त्याचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. एकदा वर चढवलेली बाई पुन्हा खाली उतरणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि झुंबरबाईंनाही. आखाजीला चोवीस दिवस होते.

तोतारामांनी वही उघडून दिपमालासमोर धरली. "हे पाहा. एकोणचाळीस दिवस, एकोणचाळीस खुणा. एकही डबा भरलेला परत आलेला नाही."

"काका, काटा खोटं बोलत नाही," दिपमाला म्हणाली.

"वहीसुद्धा नाही."

दोन्ही खरं होतं. दुसऱ्या दिवशी तोतारामांनी तेवीस नंबरला डबा दिला, दोन टोले दिले आणि मोपेड गल्लीच्या तोंडाशी लावून चालत परत आले. झुंबरबाई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. डबा उघडा होता आणि पुनमची बकरी त्यात तोंड घालून उभी होती.

पुनम ओट्यावर धान्य निवडत होती. "महिना झाला काका," ती म्हणाली. "माझी बकरी बघा कशी सुटलीये. मी म्हटलं, म्हातारीला पुरून उरत असेल."

तोताराम उंबऱ्यात बसले. त्यांच्या कामात असं पहिल्यांदाच घडत होतं. "अक्का, हाई काय शे?"

"बकरीले देस मी," झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या. "तिले सूतक लागत नही."

"सूतक कोनं?"

"तूच सांग. चूल बंद शे. भाईरथीन अन्न येस. असं अन्न घरमा कव्हय येस, तुले मालूम नही का? एरंडोलना ना तू?" त्यांनी तोतारामांकडे रोखून पाहिलं. "मन्हा घरमा कोन मरनं, भाऊ? मी तं आजून जित्ती शे."

तोतारामांना ते माहीत होतं. घरात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही. भाऊबंद आपल्या घरून पिठलं-भाकरी आणतात. त्याला कडू घास म्हणतात. स्वतःचे वडील गेले तेव्हा तोतारामांनी तो खाल्ला होता. आणि इथे दीड महिना रोज अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ते एका जिवंत बाईच्या दारात कडू घास ठेवत होते, तोही घंटी वाजवून. झुंबरबाई पुनमकडून येणाऱ्या चहात बुडवलेल्या टोस्टवर दिवस काढत होत्या.

त्या दिवशी चोवीस ते अडतीस या सगळ्या थांब्यांना डबा वीस मिनिटं उशिरा पोचला.

संध्याकाळी त्यांनी ज्ञानेश्वरला फोन केला. शेगडी परत हवी होती.

"काका, पदर पेटला म्हणजे? मग मी काय करू?"

"उभे प्रवासी घेऊन एकतीस वर्षं गेलो, एक पडू दिला नाही. मी समोर असेन तेवढाच वेळ गॅस चालेल. निघण्याआधी रेग्युलेटर माझ्या हातानं बंद."

"आणि तरी वजन नाही वाढलं तर?"

"तर तिचं सामान मीच तुझ्या गाडीत ठेवीन."

मग पुष्पाबाई. त्यांना सांगायचं होतं, की उद्यापासून तेवीस नंबरचं वरण बिनफोडणीचं द्या.

"का? माझ्या फोडणीला काय धाड भरली?"

"धाड नाही भरली. ती तुमची आहे, एवढंच."

पुष्पाबाईंनी पळी आपटली, पण दुसऱ्या दिवशी वरण साधं आलं. तोतारामांनी तेवीस नंबर सगळ्यात शेवटी ठेवला. नंबर तोच, क्रम अडतिसावा. मार्गातला हा बदल त्यांनी वहीत लाल शाईने लिहिला.

पुनमने शेगडी बुटक्या टेबलावर मांडली. झुंबरबाई खुर्चीत बसल्या, पदर खोचला आणि छोट्या कढईत तेल घातलं. लसूण ठेचलेला होता. तो त्यांनी सकाळीच ठेचून ठेवला होता. जिरं तडतडलं, लाल मिरची फुगली, आणि फोडणीवर वरण ओतलं तसा चर्रर्र आवाज झाला. तोतारामांना ठसका लागला. पुनमला लागला. बकरी मागे सरकली.

झुंबरबाईंनी एक भाकरी खाल्ली. मग अर्धी. हात धुताना म्हणाल्या, "तुन्ही त्या बाईले सांग, डाय घोटाले शिक."

हा निरोप तोतारामांनी गाळला असता तर बरं झालं असतं. पण कंडक्टरकीत निरोप पोचवणं आलंच. पुष्पाबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीची डाळ लोण्यासारखी घोटून पाठवली. त्यावर तेवीस नंबरहून उत्तर आलं, की आता बरी शे, पण हळद कमी टाक. पुढचे तीन आठवडे दोन बायका एकमेकींचं तोंड न पाहता डब्यातून भांडत राहिल्या. त्याचा फायदा अडतीसही घरांना झाला. डाळ सुधारली.

तोतारामांनी आणखी एक काम केलं. रोज दोन-दोन घरांत ते आत गेले आणि डबा नेमका कुठे जातो हे पाहिलं. सहा डबे भलतीकडे जात होते. एक गाईला, एक रखवालदाराला, बाकीचे असेच कुणाकुणाला. त्यातल्या चौघांचं कारण झुंबरबाईंचंच होतं, फक्त त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. एका आजोबांना दुधी आवडत नव्हता. उरलेल्या एकांनी कारण सांगायला नकार दिला, पण शेगडी मागून घेतली. ज्यांना शक्य होतं त्यांच्या घरी शेजारी उभा राहू लागला आणि फोडणी घरची झाली. त्या घरांची वहीतली खूण आता डबा पाहून होत नव्हती. माणसाला जेवताना त्यांनी किंवा शेजाऱ्याने पाहिलं, की मगच.

आखाजीच्या दिवशी बारा वाजून गेल्यावर ज्ञानेश्वर आला. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने गादी अंथरून आणली होती. तो दारातच थबकला. आत शेगडी पेटलेली होती. पुष्पाबाईंनी पाठवलेल्या पुरणपोळ्या आणि आमरस झाकून ठेवले होते, आणि झुंबरबाई रशीला, पोळीसोबतच्या तिखट आमटीला, फोडणी देत होत्या. पुनमने गोवरीचा निखारा करून दिला. झुंबरबाईंनी त्यावर तूप आणि पोळीचा तुकडा टाकून पितरांच्या नावाने आगारी दिली. आगारीला घरचाच विस्तव लागतो.

दिपमालाने काटा मांडला. झुंबरबाईंनी वॉकर सोडला, तोतारामांचा हात धरला, मग तोही सोडला. काटा हलला आणि थांबला. त्रेचाळीस किलो चारशे ग्रॅम.

"चप्पल काढा आजी," दिपमाला म्हणाली.

चप्पल काढली. त्रेचाळीस दोनशे.

ज्ञानेश्वरने वाकून आकडा स्वतः वाचला. "काटा बरोबर आहे ना?"

"तू उभा राह्य," झुंबरबाई म्हणाल्या. "तुन्हं बी करू. सुरतना पानी लागेल शे तुले." सगळे हसले, तोही. मग त्या म्हणाल्या, "बस जेवाले." तो बसला. तिसरी पोळी त्याने स्वतः मागून घेतली.

जेवण झाल्यावर तो निघाला. गादी गुंडाळून डिकीत टाकली. झुंबरबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या एक डबा त्याच्या हातात दिला. त्यात रशी होती आणि उरलेल्या पोळ्या. फेब्रुवारीपासून त्या घरातून भरलेला डबा बाहेर जायची ही पहिली वेळ.

तोतारामांनी रेग्युलेटर बंद केला, वहीत खूण केली आणि घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. गाडी पस्तीस मिनिटं लेट होती. त्यांनी दोन टोले दिले.