पड जमीन आणि माझी तीन बोटं

आधीच सांगतो, भूतखेत, देवचार, करणी यातलं काही मी मानत नाही. उभी नोकरी तलाठी म्हणून काढली. कागदावर असेल ते खरं, बाकी सगळ्या गजाली, हा माझा खाक्या. पण हा अनुभव खुद्द माझ्या हाताचा आहे, आणि त्यात माझी चूक आहे... म्हणूनच इतकी वर्षं कुठे बोललो नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मूळचा बांद्याचा, पण नेमणूक वालावलच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात. तलाठ्याने दरवर्षी प्रत्येक जमिनीवर जाऊन तिथे काय आहे ते बघायचं आणि सातबारावर नोंदवायचं, ही पीकपाहणी. मी ती कचेरीत बसूनच करायचो. मागच्या वर्षीचं खाली उतरवलं की झालं! व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, एका तुकड्यापुढे सात वर्षं माझ्याच हाताने ‘पड’ लिहिलेलं होतं. पड म्हणजे रिकामी जमीन.

गावातल्या शाळेचे मास्तर तो तुकडा घर बांधायला घेत होते. माणूस फार सावध. भाद्रपदात कचेरीत आले आणि म्हणाले, “भाऊ, आदी थंय काय होता तां बघून सांगशात? बाव खणूची आसा. पाणी पिवचा म्हटल्यार जमीन साफ होयी.”

बघून सांगा म्हणाले होते. मी रजिस्टर उघडलं, ‘पड’ वाचून दाखवलं आणि उताऱ्यावर सही ठोकली.

“तुमी बघलास मां? मग झाला,” मास्तर म्हणाले. मी मान डोलावली.

त्याच दुपारी जेवताना उजव्या हाताची तीन बोटं चुरचुरायला लागली. अंगठा, तर्जनी, मधलं... पेन धरायची बोटं. भात कालवता येईना. संध्याकाळपर्यंत ती काळीकुट्ट पडून सोलायला लागली. बायकोने हात हुंगला आणि हसली, “काजी फोडूक गेल्लास खंय?”

भाद्रपदात कसल्या काजी? पण वास तोच होता. काजूच्या सालीतलं तेल लागलं की कातडी जळते, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. खोबरेल झालं, रॉकेल झालं, पेनाची शाई बदलून झाली. कुडाळचे डॉक्टरही म्हणाले, काजूचंच तेल आहे, पंधरा दिवसांत जाईल. शिमगा आला तरी गेलं नाही.

तोवर मास्तरांचं घर उभं राहिलं होतं, विहिरीला पाणी लागलं होतं. शिमग्यानंतर मास्तर पुन्हा कचेरीत आले. पाण्यावर तेलकट तवंग येतो, बायकोचे दोन्ही हात काळे पडून फुटलेत, तोंडही आलंय, असं सांगत होते. दर सोमवारी लक्ष्मीनारायणाला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, स्वतः करून नेणारी बाई, तिला आता दोरा धरवत नव्हता. मास्तरांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी उजवा हात टेबलाखाली लपवला. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुष्यात पहिल्यांदा व्हाळ ओलांडला. कचेरीपासून वीस मिनिटांची वाट. शेजारच्या परड्यात पार्वती नावाची म्हातारी होती. तिने विहिरीजवळची खोलगट जागा दाखवली. इथे काजू भाजायची भट्टी होती, पाच वर्षांपूर्वी बंद झाली, साली सगळ्या त्या खड्ड्यात पुरायचे. म्हणजे माझ्या सातांतली दोन वर्षं भट्टी धडधडत होती, आणि मी ‘पड’ लिहीत होतो.

तुम्ही कुणी सांगितलं का नाही, असं मीच वर तिला विचारलं.

“तुमी कधी इलासच नाय, भाऊ. सांगतलंव कोणाक?” म्हणाली, आणि आपले तळवे पुढे केले. तसेच काळे, जुने डाग.

तिथूनच मास्तरांकडे गेलो. पाणी पिऊ नका, वापरूही नका, म्हणालो. पण ‘मी पाहिलंच नव्हतं’ एवढं काही तोंडातून निघेना. कचेरीत येऊन शेऱ्यात भट्टी आणि खड्डा नोंदवला. आठ दिवसांत बोटं स्वच्छ झाली. नवी कातडी आली, डाग म्हणून नाही.

मास्तरांनी ती विहीर बुजवली. बायकोच्या हातांची आग थांबली, पण बोटं कायमची आखडली. वळेसर पुन्हा तिच्या हातून झाला नाही. आणि मास्तर भेटेल त्याला सांगायचे, भाऊ होते म्हणून कळलं, नाहीतर आमचं काय झालं असतं.

न शिवलेलं तेल माझ्या बोटांना कसं लागलं, तेही विहीर खणायच्या आधी, याचं लॉजिक मला आजवर सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा. पण खरं सांगू? मला ते तितकं छळत नाही. माझी बोटं बरी झाली आणि तिची नाही, हे छळतं. मास्तर गेले. मी पाहिलं नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.