पाणी येतंय कुठून?

गॅरेजमधले किस्से जुन्या गाडीतल्या पाण्यासारखे साठतात. कुठून आत शिरले ते कळत नाही, पाय ओला झाला की कळतं. परवा चहा पिताना सिद्धार्थ म्हणाला, "विलास, तू हे कुणाला तरी सांगून टाक यार, नाहीतर मलाच परत परत सांगत बसशील!" म्हणून सांगतोय.

सिद्धार्थ माझा पार्टनर. दिंडोशीला आमचं दोघांचं लहानसं गॅरेज आहे. तो मूळचा जालन्याकडचा, मी मालवणचा, वाढलो मात्र दोघंही गोरेगावात. ज्यांच्याबद्दल घरची मुलं "विकून टाका ना आता" म्हणतात, अशा गाड्या आमच्याकडे येतात. त्यातही गळक्या जास्त. इंजिनाचं दुखणं निदान आवाजावरून कळतं. पाणी एकीकडून शिरतं, पत्र्याच्या आतून लांबवर चालत जातं आणि भलतीकडेच बाहेर येतं. त्यामुळे गिऱ्हाईक जिथे बोट दाखवतं, तिथे आम्ही सगळ्यात शेवटी बघतो.

*

मुलुंडचे एक गृहस्थ आले. दारातून पाणी येतं म्हणून त्यांनी स्वतःच सगळ्या काचांच्या कडेने सिलिकॉन भरलं होतं. हात सैल सोडून भरलं होतं! मी बटण दाबलं, काच जागची हलेना.

"ती खाली होत नाही आता," ते शांतपणे म्हणाले.

"मग पार्किंगवाल्याशी कसं बोलता?"

"दार उघडतो."

"बरं, पण पाणी यायचं तरी थांबलं ना?"

"छे हो, येतं ना!"

नवे स्पीकर बसवताना कुणीतरी दाराच्या आतलं प्लास्टिक फाडून तसंच ठेवलं होतं. सिलिकॉनला कुठेतरी फट राहिली होती, तिथून पाणी दारात उतरायचं आणि त्या फाटक्या प्लास्टिकमधून थेट पायाशी यायचं. प्लास्टिक आम्ही चहा गार व्हायच्या आत लावलं. सिलिकॉन खरवडण्यात मात्र दिवस गेला.

*

परबकाका पहिल्यांदा आले तेव्हा काकी बरोबर होत्या. काका जन्मभर बस चालवून रिटायर झालेले, गाडी जुनी पण पुसून लख्ख ठेवलेली. "छपरातून गळते," काका म्हणाले.

काकींनी चपला हातात धरल्या होत्या. "माझे पाय भिजतत रे झिला. चपला हातात घेवन बसूचा लागता!"

छप्पर ठणठणीत होतं. एसी चालू असला की गाडीखाली पाणी ठिबकतं ना, ते ठिबकत नव्हतं. नळी चोंदली होती आणि सगळं पाणी काकींच्या पायाशी उतरत होतं. सिद्धार्थने खालून हवा मारली आणि पाण्याने त्याचीच आंघोळ झाली. काका पोट धरून हसले.

"तोवर गाडी चालवलीत की नाही काका?" मी विचारलं.

"मी? कम्प्लेंट असलेली गाडी मी काढत नाय. डेपोतून कधी काढली नाय, आता कशाला काढू?"

*

माहुलचा एक कोळी दोस्त आहे आमचा. गाडीची मागची सीट काढून त्यात मासळीच्या टोपल्या नेतो. तो आला आणि म्हणाला, "गाडीत वास मारतोय."

सिद्धार्थने नाकाला रुमाल लावतच विचारलं, "तुला आज कळलं?"

"अरे, मासळीचा वास मला येत नाय! हा गोड वास येतोय. म्हणून तर घाबरलो!"

आणि तो बरोबर होता. हिटरमधून इंजिन गार ठेवणारं कूलंट गळत होतं, त्याचा वास गोडसरच असतो. मुंबईत हिटर कुणी लावत नाही, म्हणून तिकडे कुणी बघतही नाही. एवढ्या मासळीतून त्याला तो वास लागला, याचं मला अजून नवल वाटतं.

*

परबकाका परत आले. या वेळी पुढच्या काचेखालच्या जाळीत पिंपळाची पानं कुजून पाण्याची वाट बंद झाली होती. सिद्धार्थ ओंजळी भरभरून चिखल काढत होता आणि काका त्याला सूचना देत होते. तेवढ्यात काकी माझ्याजवळ आल्या.

"व्हयी तितके दिवस ठेव रे गाडी," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांनी सांगितलं. काकांना डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. बोरिवलीच्या वळणावर डावीकडून स्कूटर आली, ती त्यांना दिसलीच नाही. काकी ओरडल्या म्हणून ब्रेक लागला. स्कूटरचा आरसा तुटला, बाकी काही झालं नाही. पण स्कूटरवर पुढे एक छोटी मुलगी उभी होती.

"तेंका सांगून बगलंय. कोणाचा आयकनत नाय. म्हणतत, तोच आत घुसलो!" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "गाडी हय असली काय आमी रिक्षान फिरतो. माका झोप लागता रे."

मला फार वाईट वाटलं. त्या पाण्याने भिजलेल्या पायांचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, उलट आधार वाटत होता. निघताना मी काकांना जमेल तितक्या सहज म्हटलं, "काका, एकदा डोळे दाखवून घ्या ना."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचा ड्रायव्हरचा बिल्ला मागितला. "तू पाणी बघ," ते म्हणाले. "डोळे बघायला डॉक्टर आहेत. अख्ख्या नोकरीत गाडीला ओरखडा नाय माझ्या!"

ते गेल्यावर सिद्धार्थ आणि मी वाद घालत बसलो. मी म्हटलं, आपण कामाला नाही म्हणायला हवं. तो म्हणाला, "मग दुसरीकडे जातील. आणि दुसऱ्याने चटकन करून दिलं तर?"

*

मधे जरा हलकं सांगतो. जवळच्याच सोसायटीतल्या एका वकिलांच्या गाडीत ओल शिरून वायरिंगची वाट लागली होती. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायचा! कोर्टाच्या दारात, हॉस्पिटलपाशी, कुठेही. लाजेने ते लांबून उजवीकडूनच फिरून यायचे. आम्ही वायर बदलली, ते खूश होऊन गेले.

चार दिवसांनी परत हजर. "पूर्वीसारखं करून मिळेल का?"

"का हो?"

"आमच्या गेटवर डावीकडे वळावं लागतं. हॉर्न ऐकून वॉचमन उठायचा. आता उठतच नाही, आणि मुद्दाम वाजवला तर शेजारी भांडतात!"

*

आणि परबकाका तिसऱ्यांदा आले ते एकदम मजेत. "आता कायमची पक्की कर," म्हणाले. "सोमवारपासून नातवाला शाळेतून मीच आणणार. सुनेला सांगून टाकलंय." काकी मागे उभ्या होत्या.

पुढच्या काचेचं रबर सुकून तडकलं होतं. आम्ही काच काढून नव्याने बसवली, कार्पेट उचलून पत्रा वाळवला. मग शेवटची टेस्ट. आमची पद्धत अशी की तळाला आणि कडेकडेने टाल्कम पावडर भुरभुरायची, एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. पावडरवर ओघळ दिसला की आतल्याने काचेवर ठकठक करायचं.

"पाइप मी धरतो," काका म्हणाले.

"मी बसतंय आतमदी," काकी म्हणाल्या.

सिद्धार्थने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. काकी टॉर्च घेऊन मागच्या सीटवर बसल्या, दारं लावली, काकांनी पाणी सोडलं. बॉनेट झालं, काच झाली, छप्पर झालं. डावीकडचं दार, उजवीकडचं दार. आतून आवाज नाही. काका मन लावून पाणी मारत होते, एक कोपरा सोडला नाही. एरवी अशी कोरडी गाडी बघून मी शिट्टी मारली असती. त्या दिवशी मला त्या शांततेची भीती वाटत होती.

"झकास!" काका म्हणाले. "बंद कर नळ."

सिद्धार्थ नळाकडे वळला.

ठक ठक.

काका पाइप धरून तसेच थांबले. सिद्धार्थने जाऊन मागचं दार उघडलं, वाकला. त्याच्या खांद्यावरून मलाही दिसलं. पावडर जशी भुरभुरली होती तशीच होती, पांढरी, एक ठिपका नाही. काकींचा हात अजून काचेवर होता. त्या सिद्धार्थकडे बघत होत्या.

"आलं काय रे पाणी?" पलीकडून काकांनी विचारलं.

सिद्धार्थने तळहाताने ती पावडर पुसून टाकली, उभा राहिला आणि गाडीला वळसा घालून काकांसमोर आला.

"काका, चावी द्या," तो म्हणाला. "वेळ लागेल."