दरडीतला शंख

श्रीविघ्नहर्त्यास वंदन करून, नातीने विचारले म्हणून ही आठवण लिहितो. सेलूजवळच्या नाल्यात मी आणि माझा शेजारी, भाजीपाला पिकवणारा शेतकरी, दगड झालेले प्राचीन शंख शोधत होतो. खालून पोखरलेल्या दरडीत त्याला एक अखंड शंख दिसला. तो देव्हाऱ्यात ठेवायचा होता, म्हणून त्याने भक्तिभावाने चपला काढल्या. मी त्याची वाट अडवली.

“गुरुजी, देव आणाले चाललो, तुमाले भेव काऊन लागते?”

“चपला घाल. दरड कोसळली तर तुझ्या घरी मी काय सांगू? माणसाचा जीव मागणारा देव मी पूजणार नाही.”

तो रुसून परतला. शंख तिथेच राहिला. पुन्हा तसा प्रसंग आला, तर मी पुन्हा आडवा उभा राहीन. वाचकहो, आपल्या घरातून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस सुखरूप परत येवो.