वाक्यात उपयोग

आमच्या सोसायटीतला फळा कोणी वाचत नाही, असं आम्ही सगळे अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. मीसुद्धा. आणि मी तो रोज वाचत होतो.

फळा काशीराम घाडींचा. आमच्या मुलुंडमधल्याच एका रंगाच्या कारखान्यात ते तीस वर्षं स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून जिन्याखाली मीटरच्या पेट्यांशेजारी त्यांनी फळा टांगला. रोज सकाळी सात वाजता आंघोळ करून, गंध लावून खाली यायचे आणि एक इंग्रजी शब्द लिहायचे. त्याखाली मराठीत अर्थ. आणि त्याखाली, आपण शाळेत लिहायचो तसा, वाक्यात उपयोग. सगळी भानगड या वाक्यात होती. शब्द डिक्शनरीतला असे, वाक्य मात्र बिल्डिंगमधलं. 'पंक्चुअल: पाण्याचा टँकर पंक्चुअल आहे, वॉचमन नाही.' 'हायबरनेट: तिसऱ्या मजल्यावरचा यज्ञेश रविवारी हायबरनेट करतो.' यज्ञेशच्या आईने त्यावर आठवडाभर अबोला धरला. फळा मात्र ती वाचत नाही, हं!

त्यांच्या बायकोला, शेवंतीकाकूंना, या उद्योगाचा भारी वैताग. लग्न होऊन मुंबईत आल्याला चाळीस वर्षं झाली, पण जीभ अजून मालवणातलीच. "फळ्यावांगडा लगीन लावूचा होता ह्यांनी," असं म्हणायच्या. काका एखादा शब्द समजावून सांगायला लागले की त्या मिक्सर चालू करायच्या.

तर एका गुरुवारी आमची सेक्रेटरी श्वेता काकांना म्हणाली, "काका, राग मानू नका. पार्सलं ठेवायला रॅक हवाय आणि जागा तेवढीच आहे. फळा काढूया का? सगळं ग्रुपवर असतं आता. फळा तर कोणी वाचतही नाही ना." रविवारच्या मीटिंगमध्ये काय ते ठरणार होतं. काका नुसतं "बरं" म्हणाले आणि वर गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं. मला वाईट वाटलं. पण मी गप्प बसलो, कारण वाईट वाटून गप्प बसणं मला छान जमतं.

शनिवारी सकाळी फळ्यावर शब्द होता, 'फॉसिलाइज होणे'. अर्थ: मेलेल्या जीवाचे अवशेष मातीत गाडले जाऊन लाखो वर्षांत त्यांचा दगड बनणे. लाक्षणिक अर्थ: माणसाने बदलायचे थांबणे. वाक्यात उपयोग: 'आपल्या सोसायटीतले एक गृहस्थ फॉसिलाइज झाले आहेत.'

माझं डोकंच फिरलं. त्याच फळ्यासमोर माझी स्कूटर नऊ वर्षं उभी आहे. नवीन टायर टाकले की चालू होईल, असं मी नऊ वर्षं सांगतोय. टोमणा मलाच होता, आणखी कोणाला? मी तणतणत बाहेर आलो, तर तळमजल्यावरचा अंबादास माझ्याआधीच तणतणत होता.

"राजाराम, मला बोलला तो!" अंबादास म्हणाला. "माझ्याकडे लँडलाइन आहे म्हणून! अरे, डायल टोन येतो अजून!"

तेवढ्यात श्वेता खाली आली. "माझ्या सासऱ्यांना बोललेत काका. खुर्चीतून उठत नाहीत म्हणून. मला बोला ना, सासऱ्यांना कशाला मध्ये घेता?"

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधले सतरा पुरुष फॉसिल झाले होते.

रविवारी मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या. एरवी पाच माणसं येतात, तीही सामोशांसाठी. जिन्याखाली फळ्यासमोरच सगळे जमले; फळ्यावर अजून कालचाच शब्द होता. एकाने नवा फोन दाखवला, एकाने आपण झुंबा करतो असं जाहीर केलं. शेवटी अंबादास ओरडला, "काशीराम, नाव सांगा! कोण तो माणूस?"

काका उभे राहिले. हातात खडू तसाच होता.

"मीच," ते म्हणाले. "श्वेता म्हणाली, फळा कोणी वाचत नाही. मला वाटलं, मग स्वतःबद्दल खरं लिहायला काय हरकत आहे? कोण वाचणार आहे?"

श्वेताने मान खाली घातली. अंबादासला तर फसवल्यासारखंच झालं. "म्हणजे काल दिवसभर मी फुकट चिडलो?" तो पुटपुटला.

तेव्हा मागून शेवंतीकाकू पुढे आल्या. "वाक्य चुकलाहा," त्या म्हणाल्या.

काकांनी वळून फळ्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं.

"अर्थ काय लिवलास? मेलेल्या जीवाचा. मगे पयला मराक लागता मा? तुमी मराक नाय अजून. आणि दुसरो अर्थ, बदलूचा थांबणा. सोमवारी जल्मात पयल्यांदा तुमी चाय केलास. साखरेच्या जागी मीठ घातलास, पण केलास. मगे? पुसा ता वाक्य."

"तू फळा वाचतेस?" काकांनी विचारलं.

"अकरा वर्सा. रोज सकाळी खाली मीच येतंय, दूध काय आपणहून वर येता?"

काकांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी डस्टर घेऊन घाईघाईने वाक्य पुसलं. शब्द राहिला, अर्थ राहिला, खाली जागा मोकळी. मग त्यांनी खडू फळ्याला टेकवला आणि बायकोकडे बघून म्हणाले, "सांग. बरोबर वाक्य सांग."

काकूंनी चारी बाजूंना नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली, मग माझ्या मागे गेली.

"राजारामाची स्कूटर फॉसिलाइज झाली आहे," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं, पण अर्थ समोरच लिहिलेला होता आणि पहिली अट स्कूटर केव्हाच पूर्ण करून बसली होती. श्वेताने तिथल्या तिथे ठराव मांडला, फळा राहील, रॅक स्कूटरच्या जागी येईल. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या बायकोने दोन्ही.

मंगळवारी भंगारवाला आला. चाकं जमिनीला अशी धरून बसली होती की चौघांना ती उपटावी लागली.