मांजरांची पहिली शिफ्ट

कुत्र्यावर जीव लावणारी माणसे गावोगाव असतात, पण कुत्र्याला नोकरीतला माणूस समजून त्याच्याशी ड्युटी, रजा आणि शिस्तीच्या भाषेत बोलणारा गृहस्थ महाड-पोलादपूरच्या टापूत एकच होऊन गेला, आणि तो माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता. आम्ही त्यांना मुकादम म्हणायचो. ते आडनाव नव्हे, हुद्दा. मुंबईच्या गोदीत धान्याच्या गोदामावर त्यांनी जन्म काढला, हमालांच्या टोळीचे मुकादम म्हणून निवृत्त झाले आणि एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि एक कुत्रा घेऊन महाडला उतरले. त्यांचे गाव माझ्या गावाला लागून, पोलादपूरच्या वर डोंगरात. भाऊ, पुतणे, घर सगळे तिथे होते. पण गोदीच्या गोंगाटात वाढलेल्या कानांना डोंगरातली शांतता सोसेना. एसटी स्टँडचा कालवा, हॉटेलातला चहा आणि भांडायला शेजार एवढे त्यांना रोज लागत असे, म्हणून त्यांनी आमच्या कौलारू चाळीत खोली घेतली. बायको मुंबईतच वारली होती, मूलबाळ नव्हते. मी तेव्हा महाडला सरकारी कचेरीत कारकून होतो. आमच्या बौद्धवाडीतला पहिला बी.ए. मी, आणि ही गोष्ट मी आजही कोणी न विचारता सांगतो. मुकादमांना ती पहिल्याच दिवशी सांगितली, तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ए बीए, चाय पिनार काय?" अशी हाक भिंतीपलीकडून आली की सकाळ झाली असे मी समजत असे.

कुत्र्याचे नाव बंड्या. पांढरा, एका कानावर तपकिरी ठिगळ, शेपूट आखूड छाटलेली, आणि उंची एवढी की आमच्या गल्लीतली कोंबडी त्याच्याकडे सरळ डोळ्यात डोळे घालून बघे. टेरियर की काय म्हणतात त्या जातीचा. गल्लीला ही जात ठाऊक नव्हती. सगळ्यांना ते पिल्लूच वाटायचे आणि दोन-तीन वर्षे तरी येणारा-जाणारा मुकादमांना विचारत असे की, हा मोठा कधी होणार. मुकादम सांगत, "झालाय तेवढा बास हाय. बिळात शिरायला काय हत्ती लागतो?" गोदामातले उंदीर मारायला कोणा साहेबाने ही जात आणली होती आणि बंड्या त्याच घराण्यातला शेवटचा. मुकादमांच्या मते तो पाळलेला कुत्रा नव्हताच, सर्व्हिसमधला होता. त्याला भाकरी ते "पगार" म्हणूनच घालत.

अडचण एवढीच होती की गोदामात पळणारी प्रत्येक वस्तू उंदीर असते, आणि आमच्या गल्लीत पळणाऱ्या बहुतेक वस्तू मांजरे होती. चाळीच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत आपा राहत. नवरा गेलेला, मुलगा कुवेतला, लेक दासगावला दिलेली, आणि घरात मांजरे. त्यातली भुरी नावाची मांजर म्हणजे आपांची उशी, पांघरूण आणि बोलायला माणूस, सगळे एकच. बंड्याने आल्या दिवशी या भुरीला समोरच्या नारळावर चढवले आणि खाली बसून संध्याकाळपर्यंत पहारा दिला. चाळमालक आले, बायका जमल्या. कोणीतरी म्हणाले, मांजर मेली तर सोन्याची मांजर घडवून काशीला जावे लागते. मुकादम आणि मी एकाच धर्माचे, त्यामुळे काशीशी आमचा संबंध नव्हता, आणि आपांचा तर नव्हताच. मुकादमांनी सगळ्यांना गप्प केले आणि आपांसमोर उभे राहून सांगितले, "आपा, तुमच्या एका मांजरीला याचा दात लागला, तर दुसऱ्या दिवशीच्या पयल्या गाडीनं हा हितनं गेला. मी तोंडानं बोललोय." गोदीत कागद नंतर व्हायचे, आधी मुकादमाचा शब्द चालायचा. आपा म्हणाल्या, "बघू," आणि नारळाकडे बघत राहिल्या.

मग सुरू झाला मुकादमांचा कारभार. गोदामात नवा हमाल आला की त्याला सगळ्या टोळीपुढे फिरवून ओळख करून देतात, तसे त्यांनी बंड्याला काखेत मारून घरोघर फिरवले. जिथे जिथे मांजर झोपते ते पोते, ते जुने लुगडे, ती चुलीमागची जागा त्याला हुंगायला लावली, म्हणजे ही आपली माणसे आहेत हे त्याला कळावे. बंड्याला ते वेगळ्या पद्धतीने कळले. गल्लीतले कोणते मांजर कधी आणि कुठे गाफील झोपते याची त्याला पक्की माहिती झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तो नारळाखाली वेळ न घालवता थेट पत्त्यावर जाऊ लागला. मांजरांनी वर्षानुवर्षांच्या झोपायच्या जागा सोडल्या.

यावर मुकादमांनी शिफ्ट लावल्या. सकाळी मांजरांची पहिली शिफ्ट, दुपारनंतर बंड्याची दुसरी. शिफ्ट बदलताना ते पडवीत उभे राहून गोदामातली शिट्टी फुंकत. सकाळी मांजरे गल्लीत, बंड्या खोलीत दोरीला. दुपारची शिट्टी झाली की बायकांनी आपापली मांजरे आत घ्यायची. बिरवाडीकडे कारखाने नुकतेच उभे राहत होते, त्यामुळे शिफ्ट या शब्दाला तेव्हा मोठा मान होता, आणि शिवाय बंड्या आल्यापासून गल्लीतला उंदीर दिसेनासा झाला होता. आमची मांजरे मासळीवर पोसलेली, उंदराकडे ती ढुंकूनही बघत नसत. म्हणून बायकांनी हसत हसत का होईना ही पद्धत चालवली. पुढे तर मांजरेच शहाणी झाली आणि शिट्टी ऐकून आपणहून कौलांवर चढू लागली. घोटाळा एकच व्हायचा. जवळच्या शाळेत कवायत सुरू झाली की शिट्टीमागून शिट्टी वाजे, आणि सगळ्या गल्लीतली मांजरे कौलांवर चढत, उतरत, पुन्हा चढत. मुकादम पडवीत येऊन शाळेच्या दिशेने ओरडत, "अरे, किती वेळा शिफ्ट बदलताय?"

खरा गुण आला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे मुकादम बंड्याला रोज पहाटे बाजारातल्या भाताच्या गिरणीवर कामाला नेऊ लागले. तिथे कोंड्याच्या ढिगात तो दमेपर्यंत उंदीर मारी आणि परत येताना जीभ बाहेर काढून मालकाच्या मागून चाले. मुकादमांचे म्हणणे, "दमलेला हमाल भांडत नाय." दुसरी गोष्ट म्हणजे सुकट. रोज संध्याकाळी मुकादम पडवीच्या एका टोकाला बंड्याला गुडघ्यांत धरून बसत आणि दुसऱ्या टोकाला आपा भुरीला मांडीवर घेऊन बसत. बंड्याने भुरीकडे बघून मान वळवली, की आपा एक सुकट फेकत. भुंकला, की काही नाही. तो जसा शिकत गेला तसे मुकादम थोडे थोडे पुढे सरकले. एका ठिकाणी मात्र आपांनी थांबवले. तिथून पुढे त्यांची नमाजाची जागा होती, कुत्रा तिच्या अलीकडेच. मुकादमांनी तिथे आपली वहाण ठेवली आणि ती हद्द ठरली. बंड्या त्या वहाणेपाशी हनुवटी टेकून भुरीकडे एकटक बघत बसे आणि त्याच्या तोंडातून लाळ गळे. आपा म्हणायच्या, "इतक्या मायेनं माझा जावईसुद्धा माझ्याकडे बघत नाही, मुकादम." मुकादम म्हणत, "जावयाला सुकट घातलं काय कधी?" असे ते दोघे दिवेलागणीपर्यंत बसत. कुवेतचा मुलगा, गोदीतला संप, बांगड्याचा भाव, गुडघे, असे एकेक निघत जाई. कुत्रा आणि मांजर दोन्ही कधीचे झोपलेले असत.

भाताची कापणी उरकून थंडी पडू लागली होती, त्या दिवसांतली गोष्ट. भुरी गाभण होती, पोट जमिनीला टेकू लागले होते. एका सकाळी, मांजरांच्या शिफ्टला, बंड्याने दोरी कुरतडली आणि तो गेला. परत आला तेव्हा त्याचे तोंड रक्ताने माखले होते आणि ओठाला भुरे केस चिकटले होते. भुरी कुठे दिसेना. मुकादमांनी बंड्याचे तोंड धुतलेसुद्धा नाही. त्याला तसाच दोरीला धरून आपांच्या दारासमोर, वहाण ठेवत तिथे, नेऊन उभा केला आणि सांगितले की असे असे झाले. आपांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. आत गेल्या आणि दार लावून घेतले.

मी मुकादमांना खूप समजावले. म्हटले, काका, मांजर मेलेली कोणी पाहिली नाही, आधी शोधू, चौकशी करू, पुरावा नको काय? ते बंड्याचे पोते गुंडाळत होते. म्हणाले, "बीए, चौकशी तुमच्या कचेरीत. तिला पळता येत नव्हतं, हे मला ठाव हाय आणि यालाबी ठाव होतं." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते बंड्याला घेऊन पोलादपूरला गेले, वर गावात भावाकडे त्याला सोडले आणि संध्याकाळच्या गाडीने एकटे परत आले. त्यानंतर ते रोज संध्याकाळी पडवीत आपल्या टोकाला बसत. आपांचे दार बंद. सकाळची चहाची हाकही बंद झाली. मीच चहा करून नेई. तो ते निम्मा पीत.

त्याच आठवड्यात चाळमालकांच्या घरी दूध कमी पडू लागले आणि मालकीणबाई गवळ्याशी रोज भांडू लागल्या. शेवटी एक दिवस त्या लाकडे काढायला न्हाणीवरच्या माळ्यावर चढल्या, तर लाकडांमागे भुरी, आणि तिच्या पोटाशी नुकते डोळे उघडलेली पिल्ले. झोपायच्या सगळ्या जुन्या जागा बंड्याला माहीत झालेल्या, म्हणून तिने बाळंतपणाला नवी जागा शोधली होती आणि दूधही तीच पीत होती. गिरणीमागे दुर्गंधी सुटली म्हणून पाहिले, तर तिथे भुऱ्या केसांची भली मोठी घूस मानेला दात लागून मरून पडलेली होती. मालकीणबाईंनी आपांना सांगितले, आपांनी जाऊन पाहिले आणि तिथूनच त्या मुकादमांच्या दारात आल्या. म्हणाल्या, "उठा. कुत्रा आणायला जायचंय." मुकादम म्हणाले, मी उद्या जाऊन आणतो. आपा म्हणाल्या, "दार मी लावलं होतं. मी येणार."

रविवार होता. मुकादम, आपा आणि मी, तिघे पोलादपूरच्या गाडीत बसलो. आपा बुरखा घालून खिडकीशी, मांडीवर सुकटीची पुडी. आजवर त्या दासगावच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या. पोलादपूरला उतरून डोंगराची वाट चालताना जागोजाग बसल्या, पण परत फिरू म्हणाल्या नाहीत. मुकादमांच्या हातात नवी दोरी होती.

वर पोचलो तर बंड्या घरात नव्हता. पुतण्याने खालच्या शेताकडे बोट दाखवले. कापलेल्या शेताच्या बांधावर तो मागचे पाय वर आणि डोके बिळात अशा अवस्थेत माती उडवत होता, आणि भोवती निम्मी वाडी उभी राहून त्याला नावाने चेतवत होती. भातात उंदराने उच्छाद मांडला होता आणि हा देवाने धाडल्यासारखा आला होता. मुकादमांच्या वहिनींनी सांगितले की आल्या दिवशी तो त्यांच्या मांजरीवरही धावला. पण गावची मांजर, तिने कुत्रे जन्मापासून पाहिलेले. ती पळालीच नाही. जागची न हलता तिने त्याच्या नाकावर एक ठेवून दिली. तेव्हापासून तो तिच्या वाटेला जात नाही. आम्ही शिट्टी, शिफ्ट आणि मण-मण सुकट घालून जे शिकवत होतो, ते त्याला एका थपडेत कळले होते. मुकादम हे ऐकून हसले नाहीत.

बंड्याने आम्हांला पाहिले आणि मातीने भरलेल्या तोंडाने धावत आला. मुकादमांच्या पायांवर उड्या मारल्या, आपांच्या पुडीकडे पाहिले, सुकट खाल्ली आणि पुन्हा बांधाकडे पळाला. आपा म्हणाल्या, "बोलवा त्याला. गाडी चुकेल." मुकादम बराच वेळ बांधाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "आपा, हितं याला कोन बांधत नाय." आपांनी विचारले, "आणि तुम्हांला?" मुकादमांनी दोरी गोठ्याच्या खुंटीला अडकवली आणि आम्ही तिघेच परत आलो.

महिना संपायच्या आत त्यांनी खोली सोडली. बंड्याशिवाय त्यांना महाडात राहवेना. पेटी आणि वळकटी मीच एसटीवर चढवली. आपा स्टँडवर आल्या नाहीत. सकाळी पडवीतच त्यांनी सुकटीची पिशवी दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "कुत्र्याला द्या." मुकादमांना डोंगरातली शांतता कधी मानवली की नाही, मला माहीत नाही. मी महिन्या-दोन महिन्यांनी गावी जायचो तेव्हा ते शेताच्या कडेला बसलेले असायचे आणि रामराम-जयभीमच्या आधी विचारायचे, "भुरी कशी हाय?" मी महाडला परतलो की आपा दारातच विचारायच्या, "कुत्रा बरा आहे ना?" याहून जास्त एकमेकांबद्दल त्यांनी मला कधी काही विचारले नाही. माझी पदवी, माझी कचेरी सगळी बाजूला. मी या दोन जनावरांची खुशाली पोचवणारा माणूस झालो होतो.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात भुरी म्हातारी होऊन गेली. आपांनी तिला परसात पुरले आणि मला सांगितले, "मुकादमांना बोलू नको." मी बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर गावी गेलो, तर मुकादम शेताच्या कडेला एकटेच बसले होते, बांधावर बंड्या नव्हता. मी काही विचारायच्या आत त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आपांना नको सांगू, बीए." जरा वेळ बांधाकडे पाहिले आणि नेहमीसारखे विचारले, "भुरी कशी हाय?"

मी म्हटले, "बरी आहे."

संध्याकाळच्या गाडीने महाडला उतरलो. आपा दारात उभ्या होत्या.