वेढा काढ

मंडळी, आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी हडळ पाहिली म्हणालं, की मी विचारायचो, "साडी काठापदराची होती का साधी?" समोरचा गार! लातुरात गंजगोलाईजवळ माझं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला कढई एक अन् किस्से चार. पण हा किस्सा रंगवून सांगायला गेलो की जीभच बधिर होते...

माझी भाची अश्विनी कंधारकडची, शेतात वाढलेली. समुद्रविज्ञान शिकते. यंदा संशोधनाच्या जहाजावरून अरबी समुद्रात गेली. बाटल्या लावलेली एक लोखंडी चौकट समुद्रात सोडायची अन् खोलवरचं पाणी वर आणायचं, हे तिथलं काम. चौकटीनं झोके खाऊ नयेत म्हणून दोन बाजूंनी दोर धरतात.

"म्हणजे पाणीच शेंदायलीस की, पाटलीणबाई!" मी चिडवलं होतं. लहानपणापासून ती हुकूम सोडायची, म्हणून हे नाव. मी सोडून तिला असं कुणी म्हणत नाही.

जहाज बंदराला लागल्यावर तिचा फोन आला.

"बोला, दर्याच्या राणीसरकार!"

ती हसली नाही. "मामा, बुधवारी दुपारी कुठं होतास?"

"दुकानात. का गं?"

तिनं सांगितलं ते असं — समुद्र शांत, चौकट वर येत होती. दोराचं टोक हिच्याकडे. विहिरीवरच्या सवयीनं हिनं तळहाताला दोन वेढे मारलेले. तिथं तसं करायला सक्त मनाई... पण हाताला कोण शिकवणार? तेवढ्यात कानामागून आवाज आला, "वेढा काढ, पाटलीणबाई. आधी वेढा काढ."

हिनं वेढे सोडले अन् हसत मागं पाहिलं. मागं कुणी नाही. तेवढ्यात कुठूनशी एक मोठी लाट आली, जहाज एका अंगाला कललं अन् चौकट बाहेर फेकली गेली. दोर हातातून सरकन गेला अन् पुढचा कठडा वाकवून गेला. हिचा तळवा फक्त सोलला.

"जहाजावर मराठी कळणारी मी एकटीच, मामा. अन् आवाज तुझाच होता. हुबेहूब."

मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. निघालं ते एवढंच, "हात बरा हाय ना?" शेजारी बसलेली बायको म्हणाली, "काय झालं हो? चेहरा असा का?"

बुधवार मला पक्का आठवतो. उदगीरचं लग्नघर भांडी घ्यायला आलं होतं अन् मी पातेल्याच्या भावावरून हुज्जत घालत होतो. अश्विनीची आठवणही नव्हती. छातीत धस्स नाही, काही नाही. साधी उचकीसुद्धा लागली नाही!

भास म्हणा, योगायोग म्हणा. मीही म्हणून पाहिलं. मनाला पटत नाही.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा निघालीय. परवा म्हणाली, "आता भीती न्हाई मला. तू हायस की."

"हाव, हाय की," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवशी मी नेमकं काय केलं, हेच मला ठाऊक नाही... मग पुन्हा कसं करू?