केडगावच्या फ्लॅटचं बक्षीसपत्र

सबरजिस्ट्रार ऑफिसात आमच्या आधी अजून दोन दस्त बाकी होते. राजेंद्र भिंतीला टेकून उभा होता. मनीषा फाईल मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मी दोघांची वकील.

राजेंद्र एमआयडीसीत सुपरवायझर, मनीषा जामखेडला सरकारी दवाखान्यात नर्स. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. केडगावातला वन बीएचके दोघांच्या नावावर, दोघांच्या पगारावर होम लोन काढून घेतलेला.

"आमचं भांडण न्हाई मॅडम," राजेंद्र पहिल्या भेटीत म्हणाला होता. "पन एकमेकांशी बोलायलाच काय उरलं न्हाई."

संमतीने घटस्फोटाचा अर्ज कोर्टात होता. फ्लॅट त्याने ठेवायचा, हप्ते त्याने भरायचे, असं ठरलं. मनीषाला त्यातलं काही नको होतं. "नुस्तं माझं नाव काढा," एवढंच तिचं म्हणणं.

नवरा-बायकोने राहतं घर एकमेकांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं. घटस्फोटाचा हुकूम झाला की ते नातं संपतं आणि सवलतही जाते. म्हणून हुकमाआधी बक्षीसपत्र करा, असा माझा सल्ला होता. सल्ला बरोबर होता.

फ्लॅट बँकेकडे गहाण, म्हणून बँकेची एनओसी हवी. त्यात महिना गेला. शेवटी लोन मॅनेजर म्हणाले, "हिस्सा ट्रान्सफर करायला आमची हरकत नाही. पण कर्जातून बाईंचं नाव निघणार नाही. एकट्याच्या पगारावर एवढं लोन बसत नाही. दुसरा सहकर्जदार आणा, मग बघू."

घराची मालकी आणि कर्जाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी. मालकी रजिस्ट्रेशनने बदलते. जबाबदारी फक्त बँकच काढू शकते.

राजेंद्रचा धाकटा भाऊ सहकर्जदार व्हायला तयार होता, पण त्याचे कागद जमायला वेळ लागणार होता. कोर्टाची तारीख बारा दिवसांवर आलेली. मी ठरवलं, आधी दस्त करू, कर्जाचं नंतर.

मनीषाला मी हे सांगितलं, पण कसं? माझ्या ऑफिसचा जिना उतरताना, दुसऱ्याच एका केसमधल्या पक्षकाराचा फोन वाजत असताना. "कर्जात तेवढं नाव राहील, ते मागाहून काढू." तिने मान हलवली.

त्या दिवशी सबरजिस्ट्रारकडे आमचा नंबर लागला, फोटो झाला, अंगठे झाले. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मॅडम, म्हंजी आता माझा काय संबंध राहिला न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. माझ्या डोक्यात फक्त घर होतं. ती सगळ्याचंच विचारत होती.

ठरल्या तारखेला हुकूम झाला. कोर्टाबाहेर दोघांनी मला नमस्कार केला आणि राजेंद्र तिला एसटी स्टँडवर सोडायला गेला. ते बघून मला बरं वाटलं. भावाच्या कागदांचं विचारायचं मात्र राहून गेलं. फाईल कपाटात गेली.

दीड वर्षाने मनीषा आईला घेऊन आली. दवाखान्याजवळ तळमजल्याचं एक छोटं घर तिने बघितलं होतं, विसारही दिला होता. आईचे गुडघे गेलेले. भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. बँकेने तिचं लोन नाकारलं होतं.

"कंप्युटरमधी केडगावचं कर्ज अजून माझ्या नावावर दिसतंय," ती म्हणाली. "दर महिन्याला हप्त्याचा मेसेज यायचा. मला वाटायचं, चुकून येतोय."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी राजेंद्रला फोन लावला. "एक हप्ता चुकवला न्हाई मी," तो म्हणाला. ते खरंच होतं. भावाने मध्यंतरी ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं होतं, त्यामुळे तो आता सहकर्जदार म्हणून बसत नव्हता. राजेंद्रचं दुसरं लग्न झालेलं. नवी बायको शाळेत शिक्षिका, ती सहकर्जदार होऊ शकत होती, पण तिचे वडील अडले. "पहिलीला सोडवायला आमच्या पोरीची सही कशाला?" असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. त्यांचं काय चुकलं?

राजेंद्रने सासऱ्यांची चार वेळा समजूत काढली. शेवटी नव्या बायकोने सही केली, बँकेने मनीषाचं नाव काढलं. या सगळ्यात सात महिने गेले. तळमजल्याच्या घराचा मालक तेवढं थांबला नाही. विसार परत करून त्याने घर दुसऱ्याला विकलं. बँकेचं पत्र मी मनीषाच्या हातात ठेवलं, तेव्हा आईचं विचारलं. "दिवाळीपासून खाली उतरली न्हाई," ती म्हणाली.

आता हिस्सा सोडणाऱ्याचं नाव कर्जातून काढल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय मी बक्षीसपत्राचा मसुदाच करत नाही. उशीर होत असेल तर कोर्टाकडून पुढची तारीख घेते. तोवर लग्न कायम असतं, सवलतही कायम असते. तारीख मागितली की मिळते. मनीषाच्या वेळी मी ती मागितलीच नाही.